मोठ्या संख्येचे गुणधर्म काढताना: आधी अवयव, मग बाकीचं

इंदूरमध्ये स्पर्धापरीक्षेला बसणाऱ्या मराठी मुलांच्या वह्या पाहिल्या की एक गोष्ट सारखी दिसते. ‘या संख्येला एकूण विभाजक किती?’, ‘ही दोन वर्गांची बेरीज होते का?’ असा प्रश्न आला की मुलं थेट सूत्राकडे धावतात. सूत्र बरोबर असतं, उत्तर चुकतं. कारण संख्येचे मूळ अवयव (तुमच्या हिंदी पुस्तकातले अभाज्य गुणनखंड) अर्धवट काढलेले असतात, किंवा एखादा संयुक्त तुकडा मूळ समजून तसाच पुढे नेलेला असतो.

म्हणून इथे पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा. दोन संख्या शेवटपर्यंत सोबत ठेवू: इंदूरच्या जीपीओचा पिन ४,५२,००१ आणि नऊ अंकी १२,३४,५६,७८९. पहिली सरळ वाटेची आहे. दुसरी मध्येच अडवते, म्हणूनच निवडली.

## पूर्वतयारी

चौकटीची वही घ्या. खजुरी बाजारात कुठल्याही दुकानात मिळते. एका चौकटीत एक अंक, म्हणजे लांब भागाकारात अंक शेजारच्या रकान्यात सरकत नाही. आठ-नऊ अंकी संख्येत निम्म्या चुका तिथेच होतात.

वहीच्या शेवटच्या पानावर १२० पर्यंतच्या मूळ संख्या लिहून ठेवा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९ … असं करत ११३ पर्यंत. एकूण ३० भरल्या पाहिजेत. २९ किंवा ३१ भरल्या तर यादी पुन्हा तपासा. बहुतेक वेळा ९१ घुसलेला असतो (७ × १३), नाहीतर ८७ (३ × २९). १ या यादीत येत नाही.

संख्या कुणी तोंडी सांगत असेल तर एकेक अंक सुटा सांगायला लावा. आपल्याकडे घरात ‘एकोणनव्वद’, शाळेत ‘नवासी’ आणि मित्रांत ‘एटी नाइन’ चालतं. ७९ आणि ८९ यांची अदलाबदल इथे रोजची आहे.

आता संख्या तीन प्रकारे लिहा:

वाचण्यासाठी: १२,३४,५६,७८९
तीन-तीनचे गट: १२३ | ४५६ | ७८९
दोन-दोनचे गट: १ | २३ | ४५ | ६७ | ८९

गट नेहमी उजवीकडून पाडायचे. पहिली ओळ फक्त वाचायला आहे. आपले लाख-कोटींचे स्वल्पविराम कसोटीसाठी वापरले की घोळ होतो, कारण त्यात शेवटचा गट तीन अंकांचा आणि बाकीचे दोनचे असतात. सहा अंकी पिनमध्ये हे ध्यानात येत नाही, नऊ अंकांवर लगेच अंगाशी येतं.

## टप्पा १: वर्गमूळ आणि पूर्ण वर्गाची चौकशी

वर्गमूळ आधी काढा, कारण पुढे कुठे थांबायचं ते त्यावरून ठरतं. दोन-दोनचे गट इथे लागतात. १२,३४,५६,७८९ चं वर्गमूळ ११,१११ च्या जरा वर येतं: ११,१११ चा वर्ग १२,३४,५४,३२१ आणि ११,११२ चा १२,३४,७६,५४४. आपली संख्या मध्ये पडते, तेव्हा पूर्ण वर्ग नाही. पिनसाठी ६७२ चा वर्ग ४,५१,५८४ आणि ६७३ चा ४,५२,९२९, म्हणजे इथेही नाही.

सावधान: पूर्ण वर्गाच्या शेवटी २, ३, ७, ८ येत नाहीत, हे नियम म्हणून बरोबर. पण शेवटी १, ४, ९ आला म्हणून संख्या वर्ग होत नाही. ही कसोटी फक्त नाकारण्यासाठी आहे. १२,३४,५६,७८९ च्या शेवटी ८९ आहे आणि ८९ ने संपणारे वर्गही असतात (१७ चा वर्ग २८९). तरी ती वर्ग नाही.

## टप्पा २: छोट्या कसोट्या, याच क्रमाने

पहिल्यांदा २ आणि ५. शेवटचा अंक पाहायचा, संपलं.

मग ३ आणि ९. पिनच्या अंकांची बेरीज १२: तीनने भाग जातो, नवाने नाही. भागून टाका, ४,५२,००१ ÷ ३ = १,५०,६६७. दुसऱ्या संख्येच्या अंकांची बेरीज ४५, म्हणजे ९ ने भाग जातो. १२,३४,५६,७८९ ÷ ९ = १,३७,१७,४२१. भागून झाल्यावर उरलेल्या संख्येवर तीच कसोटी पुन्हा लावा. १,३७,१७,४२१ च्या अंकांची बेरीज २६, म्हणजे तीनचं काम संपलं. १,५०,६६७ ची बेरीज २५, तिथेही संपलं.

नेहमीची चूक: ‘अंकांची बेरीज २७ आली, म्हणजे २७ ने भाग जाणार.’ नाही. १,८९९ ची बेरीज २७ आहे, पण २७ ने भागल्यावर ९ उरतात. अंकांच्या बेरजेची कसोटी ९ पर्यंतच चालते. २७ साठी तीन-तीनचे गट मिळवा, कारण ९९९ = २७ × ३७. आपल्या संख्येत १२३ + ४५६ + ७८९ = १,३६८. २७ ने भागल्यावर १८ उरतात, ३७ ने भागल्यावर ३६. दोन्ही बाद.

आता ७, ११, १३ एकदम. तीन-तीनचे गट उजवीकडून आळीपाळीने वजा-अधिक करायचे, कारण ७ × ११ × १३ = १,००१.

७८९ − ४५६ + १२३ = ४५६. सातने भागून १ उरतो, अकराने ५, तेराने १. तिन्ही बाद.

पिनसाठी: ००१ − ४५२ = −४५१. ऋण चिन्ह सोडून द्या. ४५१ = ११ × ४१, म्हणून ११ ने भाग जातो. ७ आणि १३ ने जात नाही.

इथे थांबा, कारण याच ठिकाणी हुशार मुलंही घसरतात. ४५१ मध्ये ४१ दिसला म्हणून ४,५२,००१ ला ४१ ने भाग जातो असं लिहून मोकळी होतात. जात नाही. ४१ हा १,००१ चा अवयव नाही, म्हणून या वजाबाकीला ४१ बद्दल बोलण्याचा अधिकारच नाही. ग्वाल्हेरचा पिन ४,७४,००१ घेतला तर गंमत उलटी होते: १ − ४७४ = −४७३ आणि ४७३ = ११ × ४३. अकराने भाग जातो, ४३ ने जात नाही, आणि जो वजाबाकीत दिसतच नाही त्या ४१ ने मात्र जातो. गटांच्या वजाबाकीतून फक्त ७, ११ आणि १३ वाचायचे.

अकरासाठी पडताळा हवा असेल तर दोन-दोनचे गट मिळवा. ८९ + ६७ + ४५ + २३ + १ = २२५, अकराने भागून ५. वर तीन-तीनच्या गटांतूनही ५ च आले होते. दोन वाटांनी एकच बाकी आली तर संख्या नीट उतरवली आहे असं समजायला हरकत नाही.

भंवरकुआँच्या क्लासांत १७, १९, २३, २९ यांच्याही ‘ट्रिक’ पाठ करून घेतात. माझं मत स्पष्ट आहे: पाठ करू नका. परीक्षेत त्या एकमेकींत मिसळतात, आणि साधा भागाकार तेवढ्याच वेळात होतो.

## टप्पा ३: सरकत्या मर्यादेचा भागाकार

पिनमध्ये १,५०,६६७ ÷ ११ = १३,६९७. अकराची कसोटी पुन्हा: ७ − ९ + ६ − ३ + १ = २. अकरा संपले.

आता १३,६९७ मूळ आहे की नाही हे ठरवायचं. कुठपर्यंत भागायचं? उरलेल्या संख्येच्या वर्गमूळापर्यंत, सुरुवातीच्या संख्येच्या नाही. ११७ चा वर्ग १३,६८९ आहे, म्हणून मर्यादा ११७. ज्यांनी सुरुवातीचे ६७२ डोक्यात ठेवले ते १२१ मूळ संख्यांनी भागत बसतात. ज्यांनी मर्यादा सरकवली त्यांची गाडी ११३ वर थांबते.

त्यातल्या २, ३, ५, ७, ११, १३ चा निकाल टप्पा २ मध्ये लागला आहे. ज्या संख्येने पूर्ण ४,५२,००१ ला भाग जात नाही, तिने तिच्या तुकड्यालाही जाणार नाही. राहिले १७ पासून ११३ पर्यंतचे २४ भागाकार. प्रत्येकाची बाकी लिहा: १७ → १२, १९ → १७, २३ → १२, २९ → ९, ३१ → २६, असं. सगळ्यात जवळचा प्रसंग १०७ चा: १०७ × १२८ = १३,६९६, बाकी १. शेवटचा ११३, बाकी २४. एकही शून्य नाही. १३,६९७ मूळ संख्या आहे.

४,५२,००१ = ३ × ११ × १३,६९७

तपासा: बाकीचा रकाना पूर्ण भरला आहे का? ‘जात नसेल असं वाटलं’ म्हणून गाळलेल्या भाजकाची जागा रिकामी दिसलीच पाहिजे.

## टप्पा ४: तुकडा मोठा उरला आणि अडलो तर

दुसऱ्या संख्येत १,३७,१७,४२१ उरली आहे. वर्गमूळ ३,७०३ च्या थोडं वर. तिथपर्यंत पाचशेहून जास्त मूळ संख्या आहेत आणि वहीने ते शक्य नाही. १०० पर्यंत भागून बघा (एकही जात नाही), मग फर्माची रीत लावा.

कल्पना अशी: विषम संख्या दोन अवयवांची असेल तर ती दोन वर्गांची वजाबाकी म्हणून लिहिता येते. मोठ्या वर्गाचं वर्गमूळ म्हणजे दोन्ही अवयवांचा मध्य, आणि छोट्याचं वर्गमूळ म्हणजे मध्यापासून प्रत्येकाचं अंतर. करायचं ते असं:

१. वर्गमूळाच्या वरच्या पूर्णांकापासून सुरू करा: ३,७०४. ३,७०३ घेतलात तर वजाबाकी ऋण येईल.

२. ३,७०४ चा वर्ग १,३७,१९,६१६. त्यातून १,३७,१७,४२१ वजा करा: २,१९५. हा पूर्ण वर्ग आहे का? ५ ने संपणारा वर्ग २५ नेच संपतो, इथे ९५ आहे. बाद.

३. पुढच्या संख्येसाठी नवा वर्ग काढू नका. आधीच्या फरकात ३,७०४ ची दुप्पट अधिक १, म्हणजे ७,४०९ मिळवा: २,१९५ + ७,४०९ = ९,६०४. हा ९८ चा वर्ग आहे.

४. मध्य ३,७०५, अंतर ९८. अवयव ३,७०५ − ९८ = ३,६०७ आणि ३,७०५ + ९८ = ३,८०३.

पाचशे भागाकार टाळून दुसऱ्याच प्रयत्नात काम झालं. पण ही रीत प्रत्येक वेळी इतकी उदार नसते. अवयव एकमेकांच्या जवळ असले तरच ती झटपट चालते. ग्वाल्हेरच्या पिनमधून ११ काढल्यावर ४३,०९१ उरते, तिचे अवयव ४१ आणि १,०५१. फर्माच्या रीतीने तिथे पोहोचायला २०८ पासून ५४६ पर्यंत, म्हणजे ३३९ पायऱ्या लागतील. साध्या भागाकारात ४१ ही तेरावी मूळ संख्या. म्हणून आधी १०० पर्यंत भागाकार, मग फर्माचे दहा-पंधरा प्रयत्न, आणि तरी नाही जमलं तर पुन्हा भागाकार.

सावधान: सम संख्येवर ही रीत लावू नका. सगळे २ आधी बाहेर काढा.

## टप्पा ५: तुकडे खरंच मूळ आहेत ना?

फर्माची रीत दोन अवयव देते, ते मूळ आहेत अशी हमी देत नाही. हा टप्पा गाळला जातो आणि पुढचं सगळं कोसळतं.

३,६०७: ६० चा वर्ग ३,६००, म्हणून ५९ पर्यंत भागा. ५३ ने ३ उरतात, ५९ ने ८. कुठेही शून्य नाही.

३,८०३: ६१ चा वर्ग ३,७२१, ६२ चा ३,८४४. इथे मर्यादा ६१, म्हणजे एक मूळ संख्या जास्त. शेजारच्या तुकड्याची मर्यादा उचलून वापरू नका. ६१ ने २१ उरतात.

१२,३४,५६,७८९ = ३² × ३,६०७ × ३,८०३

## टप्पा ६: गुणाकार उलटा तपासा

३,६०७ × ३,८०३ पुन्हा करून बघण्यापेक्षा नवाचा आणि अकराचा पडताळा घ्या. नवाचा: ३,६०७ → ७, ३,८०३ → ५, गुणाकार ३५ → ८. आणि १,३७,१७,४२१ → २६ → ८. जुळलं.

नवाचा एकटा पुरत नाही. दोन अंकांची अदलाबदल झाली तर त्याला पत्ता लागत नाही, कारण बेरीज तीच राहते. म्हणून अकराचाही घ्या: ३,६०७ → १०, ३,८०३ → ८, गुणाकार ८० → ३. उजवीकडून १ − २ + ४ − ७ + १ − ७ + ३ − १ = −८, त्यात ११ मिळवून ३. जुळलं. शेजारशेजारच्या दोन वेगळ्या अंकांची अदलाबदल अकरा पकडतो.

## टप्पा ७: आता गुणधर्म

इथून पुढे फक्त हिशेब आहे, पण घातांकाचा मान ठेवून.

विभाजकांची संख्या. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणायचं: (२+१)(१+१)(१+१) = १२. चूक कुठे होते? ३² ला ‘३ × ३’ असं सुटं लिहून २ × २ × २ × २ = १६ करतात. मोजून बघायचं तर यादी छोटी आहे: १, ३, ९, ३,६०७, ३,८०३, १०,८२१, ११,४०९, ३२,४६३, ३४,२२७, १,३७,१७,४२१, ४,११,५२,२६३ आणि स्वतः ती संख्या. पिनला ८ विभाजक. विभाजकांची संख्या विषम आली तर संख्या पूर्ण वर्ग असलीच पाहिजे. टप्पा १ शी ताडून बघा.

विभाजकांची बेरीज. ३² चा वाटा १ + ३ + ९ = १३, (१+३) चा वर्ग १६ नव्हे. १३ × ३,६०८ × ३,८०४ = १७,८४,२२,८१६. त्यातून ती संख्या वजा केली की ५,४९,६६,०२७ उरतात, म्हणजे संख्येपेक्षा कमी. अशी संख्या न्यून. पिनची बेरीज ४ × १२ × १३,६९८ = ६,५७,५०४. ती दुपटीच्या आत आहे, म्हणून पिनही न्यून.

सहमूळ संख्या किती. म्हणजे संख्येपेक्षा लहान आणि तिच्याशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नसलेल्या संख्या किती. हे आयलरचं फाय. ९ चा वाटा ९ − ३ = ६, २ × २ नव्हे. ६ × ३,६०६ × ३,८०२ = ८,२२,६०,०७२. पिनसाठी २ × १० × १३,६९६ = २,७३,९२०.

दोन वर्गांची बेरीज होते का? ४ ने भागून १ उरला की मुलं ‘होते’ लिहितात. १२,३४,५६,७८९ ला ४ ने भागून १ च उरतो, तरी उत्तर ‘नाही’. ४ ने भागून ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम घातांकात असावा लागतो. ३ चा घातांक २, तो चालतो. पण ३,६०७ आणि ३,८०३ दोघांनाही ४ ने भागून ३ उरतात आणि दोघे एकेकदाच आहेत. पिनमध्ये ३ आणि ११ मुळे तीच गत.

## वही संपते तिथे

बारा अंकांपलीकडे यंत्र घ्या, पण कुठलं ते बघून. साध्या कॅल्क्युलेटरचा पडदा भरला की दशांश कापले जातात आणि न जाणारा भाग ‘गेला’ असं दिसतं. उत्तराचा शेवटचा अंक भाजकाच्या शेवटच्या अंकाने गुणून जुळतो का पाहा, किंवा टप्पा ६ चा पडताळा घ्या. पायथनमध्ये पूर्णांक कितीही लांब चालतो, मात्र भागाकारासाठी दोन तिरक्या रेघा आणि बाकीसाठी टक्क्याचं चिन्ह वापरा. एक तिरकी रेघ दिली की तो दशांशात जातो आणि ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे शेवटचे अंक बिघडू शकतात.

मूळ आहे का हे झटपट बघायला फर्माचीच दुसरी कसोटी वापरतात: २ चा (संख्या वजा १) इतका घात घेऊन संख्येने भागायचं. विषम संख्येत बाकी १ आली नाही तर ती नक्की संयुक्त, अवयव न सापडताही. बाकी १ आली तर मात्र काहीच पक्कं नाही. ३४१ ही कसोटी पार करते: २ चा दहावा घात १,०२४ आणि ३४१ × ३ = १,०२३, बाकी १; ३४० हा १० च्या पटीत आहे, म्हणून ३४० व्या घाताचीही बाकी १ च. तरी ३४१ = ११ × ३१. आणि संयुक्त असल्याचं कळलं म्हणजे अवयव हाती आले असं नाही. ‘फोडून दाखवा’ म्हणून जाहीर केलेली आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या फोडायला २०२० साल उजाडलं.

एक्सेल १५ अंकांपर्यंतच खरं बोलतं. १६ अंकी संख्या टाकली की शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो, आणि मग ‘संख्येला १० ने भाग जातो’ असा शोध लागतो. पेशीचा (सेलचा) प्रकार आधी टेक्स्ट करा आणि नंतर संख्या टाका. उलट क्रमाने केलंत तर गेलेला अंक परत येत नाही, संख्या पुन्हा टाकावी लागते.